डॉक्टरबाईंचा फेटा

आमच्या डॉक्टरबाईंना नुसत्या शाल-नारळावर सत्कार चालायचा नाही. माईक ओढून विचारायच्या, "फेटा कुठाय? त्याबिगर म्या खुर्चीवरनं उठत न्हाय." आणि खरंच उठायच्या नाहीत. मग कुणीतरी पळत जाऊन फेटा आणायचं.

ईट गावाकडच्या जनावरांच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आणि मी त्यांच्या हाताखालचा पट्टीबंधक. बाईंचं नाव पार जिल्ह्यात. अडलेली म्हैस सोडवावी तर बाईंनीच. पण मला मिशा भरघोस, त्यामुळं नवा माणूस आला की थेट माझ्याच पाया पडायचा. एकानं तर माझ्या कानात सांगितलं, "साहेब, नर्सबाईला जरा भाईर धाडा, म्हैस लाजतीया."

बाईंचा हात त्या वक्ताला म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत. म्हणाल्या, "म्हैस न्हाय, तूच लाजतुयास. तोंड कर भिताडाकडं." गडी भिंतीकडं तोंड करून जो उभा राहिला तो रेडी जन्मल्यावरच वळला. जाताना आभार मात्र माझेच मानून गेला. बाई म्हणाल्या, "साहेब, आता हात धुवायला पाणी तरी आणा."

असे सत्कार होऊन होऊन बाईंच्या घरी फेट्यांनी पेटी भरली. लग्नसराईत नवरदेव उसने न्यायचे. एकदा पट्टी संपली तर बाईंनी एका कालवडीच्या पायाला गुलाबी फेटाच गुंडाळला. ती कालवड आठवडाभर अशा तोऱ्यात हिंडली की गावच्या पुढाऱ्यांना हेवा वाटावा. आणि स्कुटीवरनं बाई फेट्यासकट घरी निघाल्या की कुत्री मागं लागायची. बाई वळून त्यांच्यावरच भुंकायच्या. लई अवघड बाई.

मग बाई रिटायर झाल्या. गावानं मोठा सत्कार ठरवला, आणि समितीचे तात्या अडून बसले. "ह्यो निरोपाचा कार्यक्रम हाय, आमदार येणार. बाईमाणसाला फेटा शोभतो व्हय? पैठणी देऊ की." बाईंनी निरोप धाडला, "फेटा न्हाय तर म्या बी न्हाय." दोघांच्या मधी मी. समजूत काढायला मलाच पिटाळलं.

बाई अंगणात शेळीला औषध पाजत होत्या. मी वैतागून बोललो, "बाई, एवढ्याशा फेट्यापायी आख्ख्या गावाचा सत्कार मोडताय. हट्ट कशाला?"

त्यांनी शेळीचं तोंड पुसलं. म्हणाल्या, "महादू, माझा पहिला सत्कार झाला तवा नवरा जाऊन दोन वर्सं झाली होती. स्टेजवर आमी चार बाया. ओटीचं ताट घेऊन एकजण आली. पहिलीची भरली, दुसरीची भरली. माझ्यापशी आली, थांबली, माझं कपाळ बघितलं आन् फुडं गेली. सगळं गाव बघत होतं. तवाच ठरवलं, आपण आधीच फेटा मागायचा. बांधणारा कपाळ झाकतो, कुकू हाय का न्हाय बघत न्हाय."

इतकी वर्षं मी त्या फेट्यांवर पोट धरधरून हसलो होतो. लाज वाटली मला. तडक तात्यांकडं गेलो आणि सांगितलं, फेटा आणा, नाहीतर कार्यक्रमाला मीही नाही. घरी येऊन बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

सत्काराच्या दिवशी तात्यांनी कुरकुरत का होईना, भगवा फेटा बांधवला. बाई खुशीत. आमदारांना म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुमचा बारका हाय बघा." मंडप हसत होता, तेवढ्यात सुमन ताट घेऊन स्टेजवर चढली. ताटात खण, नारळ, तांदूळ. तात्या पुटपुटले, "आगं सूनबाई, तसं चालत न्हाय." सुमननं तिकडं बघितलंच नाही. बाईंच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "पदर घ्या, बाई. ओटी भरते."

बाई खुर्चीवरनं उठल्या. पदर पुढं घेतला, चाचपला, पुन्हा सोडला.

मग हळूच विचारलं, "कसा धरत्यात गं, सुमन? इसरले म्या."