मेसेजला पायी उत्तर

मिलिंदला तुम्ही मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज पाठवलात, तर त्याचं उत्तर म्हणून तो स्वतः येतो. तो पहिल्या मजल्यावर राहतो, मी तिसऱ्या, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दार वाजतं, उघडावं तर मिलिंद धापा टाकत उभा. "काका, तुम्ही काहीतरी पाठवलंय. काय आहे?" मी पाठवलेलं असतं, उद्या पाणी येणार नाही. ते मी त्याला वाचून दाखवतो. तो "बरं" म्हणतो आणि दोन मजले उतरून जातो. आणि हा माणूस सॉफ्टवेअर लिहितो. चाकणचे तीन कारखाने त्याने लिहिलेल्यावर चालतात.

मी स्वतः चाळीस वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीवर काढली. तयार माल हातात घ्यायचा, मापाला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल खूण. ही सवय निवृत्त झालं म्हणून जात नाही. मी भाजीवाल्याची भेंडीसुद्धा मापाला लावतो, माणसांचं तर विचारूच नका. मिलिंदचा बाप नामदेव त्याच वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता. म्हणजे तो माल काढायचा आणि मी नापास करायचो. तरी आमची मैत्री टिकली. भोसरीत शेजारशेजारच्या भाड्याच्या खोल्यांत राहिलो, पुढे थेरगावात एकाच इमारतीत फ्लॅट घेतले. मिलिंद माझ्या डोळ्यांसमोर वाढला, आणि त्याला मी फार पूर्वीच लाल खूण मारून ठेवली होती. हुशार आहे, पण माज आहे, हा माझा शेरा.

माज नाही तर काय? लग्नाची पत्रिका दिली की तो ती उलटसुलट करून बघणार, "कागद छान आहे" म्हणणार, आणि मग, "कधी आहे? तोंडी सांगा." हे 'तोंडी सांगा' त्याच्या जिभेवर बसलेलं. सोसायटीच्या नोटिशीवर न वाचता सही. पेपरला हात लावायचा नाही. हॉटेलात मेनूकार्ड उघडायचंही नाही, शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते बघायचं आणि वेटरला बोटाने दाखवायचं, "ते आणा." एकदा शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता. आमच्याकडेही मेणबत्ती लावलेला केक आला. मिलिंदने शांतपणे मेणबत्ती विझवली आणि नामदेवला पहिला घास भरवला. नामदेवला वाटलं, आपला वाढदिवस असेल, आपल्याला कुठे माहीत आहे.

त्याच्या स्वयंपाकघरात डब्यांवर नावं नाहीत. प्रत्येक झाकणावर आत जे आहे त्याचा एकेक दाणा चिकटवलेला. तूरडाळीवर तूर, मुगावर मूग, रव्यावर चिमूटभर रवा. त्याची बायको वैशाली बँकेत आहे, सगळं नावानिशी लिहून ठेवणारी बाई. पण ह्या बाबतीत ती कधी चकार शब्द बोलली नाही. मी विचारलं, साखरेच्या डब्यावर काही दिसत नाही ते? म्हणाला, "काका, साखरेचा डबा आपोआप ओळखू येतो. मुंग्या असतात."

कामाच्या बाबतीतही तोच प्रकार. घरून काम असतं तेव्हा कानाला हेडफोन लावून तो डोळे मिटून बसतो. मी म्हणायचो, झोपा काढायचे पैसे मिळतात बघ. पुढे कळलं, तो लिहिलेलं सगळं कॉम्प्युटरकडून वाचून घेतो, तेही इतक्या वेगाने की मला तो आवाज पिठाच्या गिरणीसारखा लागला. त्यातून त्याला चूक ऐकू येते. प्रोग्रॅममध्ये म्हणे शेकडो गोष्टींना नावं द्यावी लागतात, आणि इंग्रजी नावं त्याला एकसारखी दिसतात. म्हणून त्याने भाज्यांची नावं दिली. भोपळा, गवार, दोडका. भोपळ्यात आणि गवारीत माणसाचा घोटाळा होत नाही. एकदा कुठेतरी चूक राहिली आणि चाकणच्या एका कारखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लाल अक्षरांत झळकलं: दोडका सापडत नाही. लाइन थांबली. सुपरवायझर भला माणूस, त्याने कँटीनला फोन लावला. कँटीनवाला म्हणाला, आज फ्लॉवर आहे. सुपरवायझरने तशी रजिस्टरला नोंद केली.

पण कामगार त्याच्यावर खूश. "ज्या स्क्रीनवर वाचावं लागतं, ती स्क्रीन नापास," असं तो म्हणतो. त्याच्या स्क्रीनवर पार्टचं मोठं चित्र असतं. बरोबर लावला तर हिरवं, उलटा लावला तर चित्रच उलटं होऊन लाल. काल गावाकडून आलेला माणूस आज लाइनवर उभा राहू शकतो. साहेबलोक म्हणाले, इंग्रजीत सूचना पाहिजेत. मिलिंदने लगेच होकार दिला आणि त्या खालच्या कोपऱ्यात इतक्या बारीक टाकल्या की भिंगाशिवाय दिसू नयेत. साहेबही खूश.

तर असा हा मिलिंद, वय एकोणचाळीस. माझा शेरा कायम राहिला असता, पण नामदेवचे डोळे गेले.

आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. एकेका घराने एकेक दिवस घ्यायचा आणि त्या दिवसाचं प्रकरण मोठ्याने वाचायचं. नामदेवच्या घरचा दिवस म्हणजे नामदेवचाच. प्रेसच्या आवाजावर चढवलेला त्याचा गळा, माईक लागायचा नाही. वीस-बावीस वर्षं त्याने कोणाला तो दिवस दिला नाही. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा, आणि औंदा तो विहारात उभा राहून म्हणाला, "या टायमाला आमच्या घरातून मिलिंद वाचंल. इंजिनियर हाय, माझ्यापेक्षा चांगलं वाचंल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंद माझ्या शेजारी बसला होता. त्यानेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो वर आला. मी कुठलाही मेसेज पाठवलेला नव्हता. त्याने आत येऊन दार लावून घेतलं.

"काका, मला वाचता येत नाही."

मी म्हणालो, चष्मा लाव.

"डोळे चांगले आहेत. अक्षरं दिसतात, त्यांची जोडणी होत नाही. एकेक शब्द ओढून आणावा लागतो. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून गेलेली असते."

मग त्याने सगळं सांगितलं. ह्याला डिस्लेक्सिया म्हणतात. त्याला ते अठ्ठाविसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. वैशालीला त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. इंजिनियरिंगची पुस्तकं मित्रांनी मोठ्याने वाचायची आणि त्याने ती त्यांना समजावून द्यायची, अशी चार वर्षं काढली. पेपर लिहिताना घाम फुटायचा, पण गणितं आणि आकृत्यांवर निभावलं. मोबाइल त्याला मेसेज वाचून दाखवतो, पण आम्ही म्हातारे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि मोबाइलमधली बाई त्याचं भलतंच काही करते, म्हणून तो जिने चढतो.

मग बापाला सांगून टाक, मी म्हणालो.

तो म्हणाला, "बाबा सगळ्यांना सांगतात, आमच्या घरात शिक्षण आलं. त्यांना कसं सांगू, की ते दारातच थांबलंय म्हणून?"

मला भोसरीची खोली आठवली. नामदेव पहिल्या शिफ्टवरून आला की नऊ वर्षांच्या पोराला समोर बसवून पेपर वाचायला लावायचा. मोठ्याने. अडकला की गालावर एक. मी शेजारी चहा पीत बसलेला असायचो. थांबवलं तर नाहीच. एकदा म्हणालोही होतो, कामचुकार आहे, आणखी एक दे. मला स्वच्छ आठवलं ते, आणि मला लाज वाटली. चाळीस वर्षं मापं घेतली मी, पण आपण मापच चुकीचं लावलंय, हे त्या पोराच्या बाबतीत एकदाही डोक्यात आलं नाही.

मी म्हणालो, आपण काहीतरी करू. मिलिंदचे कान म्हणजे टेपरेकॉर्डर. मोबाइलमधल्या बाईला पाली नावं येत नाहीत, म्हणून मी प्रकरण वाचायचं, त्याने ते रेकॉर्ड करून पाठ करायचं आणि त्या दिवशी पुस्तक समोर धरून म्हणायचं, असं ठरलं. चार दिवसांनी त्याने मला म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त दुसऱ्या पानावर मी खोकलो होतो तिथे तो खोकला, आणि चौथ्या पानावर उपदेशाच्या मधोमध गंभीरपणे म्हणाला, "चहात साखर कमी टाक." तेवढं आम्ही काढून टाकलं.

वाचनाच्या संध्याकाळी विहार भरलेला. नामदेव पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून पुढच्या रांगेत, मी त्याच्या शेजारी. त्रिशरण, पंचशील झालं. मिलिंद चौरंगापाशी जाऊन बसला. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, कांबळे मंडळी अचानक गावाला गेल्यामुळे काल वाचन राहिलं, तर आज कालचं प्रकरण होईल. त्यांनी ग्रंथ उघडून, पान काढून मिलिंदसमोर ठेवला.

पाठ केलेलं म्हणून टाकावं, तर निम्म्या बायका मांडीवर आपापला ग्रंथ उघडून बसलेल्या. मी उठलो आणि म्हणालो, ह्याचा घसा बसलाय, मी वाचतो.

"बसा काका," मिलिंद म्हणाला. "घसा चांगला आहे." मग सगळ्यांकडे बघून तो म्हणाला, "मला वाचायला त्रास होतो. लहानपणापासून. इंजिनियर झालो तो ऐकून झालो. आज जमेल तसं वाचतो, वेळ लागेल."

मी नामदेवकडे बघितलं. त्याचा चेहरा हलला नाही.

मिलिंदने शब्दाखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत दोनदा मागे आला. तिसरीत अडकला तो अडकलाच. बोट तिथेच, ओठ हलतायत, आवाज नाही. कानशिलावरून घाम निघालेला. पंखे तेवढे फिरत होते. मी मनात म्हणत होतो, कोणी हसू नका रे.

आणि पुढच्या रांगेतून नामदेवने तो शब्द सांगितला. हळू, समोर तोंड करून. मिलिंदने तो घेतला, दोन शब्द पुढे गेला, पुन्हा अडकला. नामदेवने पुढचाही सांगितला. मग चाचपडत माझा दंड धरून म्हणाला, "मला तिकडं ने."

मी त्याला नेऊन मिलिंदच्या शेजारी बसवलं. नामदेव म्हणाला, "तू वाक्याचं तोंड सांग, पुढचं मी बोलतो. मला न्हाई आठवलं तर तू बघ."

तसंच त्यांनी सबंध प्रकरण वाचलं. एकाला दिसत नाही आणि एकाला वाचता येत नाही, अशा दोघांनी. बापाला वीस-बावीस वर्षं दर पावसाळ्यात ऐकून सगळा ग्रंथ पाठ, तरी मध्येच विसरायचा; मग मिलिंद खाली वाकून बोटाने शब्द शोधायचा आणि नामदेव मान हलवून वाट बघायचा. वीस मिनिटांच्या वाचनाला सव्वा तास लागला. कोणी उठलं नाही. आमच्या वाघमारे आजी पंचशील झालं की झोपतात, त्यासुद्धा जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, एवढ्या वर्षांत हे प्रकरण मला पहिल्यांदा समजलं, नाहीतर तुम्ही सगळे आगगाडीसारखे वाचता.

वाचन संपलं, खीर झाली, माणसं पांगली. आम्ही तिघे पायऱ्यांवर होतो. नामदेव मिलिंदच्या आधाराने उतरत होता, तो मधल्या पायरीवर थांबला.

"मी तुला पेपर वाचाया बसवायचो, तवा तू केवढा हुतास?"

"नऊ वर्षांचा असेन."

नामदेव म्हणाला, "मला वाटायचं, तू मुद्दाम करतोस."

"मलाही तसंच वाटायचं, बाबा. मी कामचुकार आहे असं," मिलिंद म्हणाला.

नामदेवने हात वर केला. हवेत जरा चाचपडला. मिलिंद एक पायरी खाली उतरला आणि वाकला, तेव्हा तो हात त्याच्या गालापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला.

मी त्यांच्याकडे पाठ करून चपला शोधायला लागलो. बराच वेळ शोधल्या. त्या माझ्या पायातच होत्या.