शादीखान्यातून निघालेलं क्लॅरनेट

“तुला खरं वाटायचं नाय बद्रीनाथ. जगात कुणालाच वाटायचं नाय,” असं म्हणत सखाराम साळवे आपल्या दारापुढच्या खाटेवर मांडी ठोकून बसला, तेव्हाच शेजारच्या बद्रीनाथनं ओळखलं की आता चहा थंड होणार. सखारामनं जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवलं होतं. सांगतानाही सूर एकदा वर चढला की तो खाली यायचं नाव घेत नसे.

शहागंज बाजाराच्या मागं मुस्लिम समाज केंद्र आहे. त्याचा हॉल एरवी शादीखाना, म्हणजे लग्नाचा हॉल. पण हल्ली महिन्यातून एका रविवारी तिथं जॅझची मैफल होते. हे खूळ मुईजभाईंचं. मुईजभाई म्हणजे केंद्राचे चिटणीस, भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनीच सखारामला बाजारात गाठलं.

“अरे सखाराम मास्टर, मेरी बारात में तुमीच बजाए थे ना? अब हमारे हॉल में एक गाना सुनाओ. लोगां कुर्सी पे बैठके सुनेंगे!”

खुर्चीवर बसून ऐकणार! सखारामनं तिथंच हो म्हणून टाकलं. त्याचं वाजवणं लोकांनी ऐकलं ते नाचताना, नाहीतर वरात पुढं सरकताना. बायकोची, लीलाबाईची तर त्याहून परवड. वरात गल्लीवरून निघाली की ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात यायची, तोवर मुखडा निघून गेलेला. अंतरा कोपऱ्यावरून ऐकू यायचा आणि शेवट भलत्याच वस्तीच्या वाट्याला. घरी वाजवायची तिनं किती गळ घातली! पण चालल्याशिवाय सखारामचा सूर लागत नसे. खोली एवढीशी. चार पावलांत भिंत यायची आणि गाणं तिथंच खुंटायचं.

म्हणून त्या रविवारी त्यानं तिला हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसवलं आणि बजावलं, “लीले, काय बी होऊ दे, खुर्ची सोडायची नाय. आज पुरं ऐकायचं.”

“नाय सोडत,” ठेवणीतल्या साडीचा पदर सावरत लीलाबाई म्हणाली.

इथवर बद्रीनाथलाही खोड काढायला जागा सापडली नाही.

“मंग?”

“मंग काय! मुंबईची सोनिया म्हणून पोरगी, हा एवढा सॅक्सोफोन गळ्यात. म्हणली, काका, तुम्ही धरा, आम्ही साथ देतो. मी धरलं. मुखडा झाला, हॉल चिडीचूप. अन् अंतऱ्याला घात झाला बघ. पाय उचलला.”

“कुणाचा?”

“माझाच की! जागेवर कवा वाजवलंय मी? सूर निघाला की पाय निघतो. स्टेज उतरलो, मधल्या वाटेनं चाललो. सोनियाला वाटलं, हिकडची पद्धतच असंल. ती मागं. तिच्या मागं ढोलवाला. कपाटाएवढं ते तंतुवाद्य, ते दोघांनी खांद्यावर घेतलं. लोक उठले, खुर्च्या पडल्या, अन् दारातून सगळी वरात रस्त्यावर!”

“आन् तू तसाच डोळे मिटून चाललास?”

“डोळं उघडून क्लॅरनेट वाजतंय व्हय? रस्त्यावर रिक्षा थांबल्या, पोरं नाचाय लागली. तेवढ्यात कोण तरी वरडलं, दूल्हा किधर है? आता वरात म्हणल्यावर नवरदेव पाहिजेच. मुईजभाई काळी शेरवानी घालून मला थांबवाय पुढं पळत आले व्हते. बास! समोर एक टांगा उभा. लोकांनी घोडा सोडला अन् मुईजभाईंना वर चढवलं.”

“फेकू नकोस!”

“अरं, ते वरून वरडत व्हते, उतारो रे मेरेकू! बेगम छत पे खडी है! अन् बेगम खरंच छतावर. तिनं वरून फुलं टाकली.”

“फुलं?”

“कुंडीसकट.”

बद्रीनाथ हसता हसता खाटेवरून घसरला. घरात भाकरी थापायचा आवाज मात्र एका लयीत चालू होता.

“मशिदीच्या कोपऱ्यावर आलो,” सखाराम म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला, “अन् मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली. क्लॅरनेट आपोआप खाली आलं.” मशिदीपुढं बँडनं गप्प व्हायचं, हे त्याच्या हातांना सांगावं लागत नसे. घोडा गप्प, पोरं गप्प. अजान संपेस्तोवर अंधारून आलं आणि जो तो आपल्या वाटेनं पांगला.

“म्हंजी गाणं अर्धंच ऱ्हायलं?”

आतला भाकरीचा आवाज थांबला होता. सखारामनं एकदा दाराकडं पाहिलं आणि छाती भरून श्वास घेतला.

“अर्धं कसं ऱ्हाईल? अजान झाली, अन् मी उरलेलं वाजवलं. पार शेवटच्या सुरापर्यंत. लीला पुढ्यातच उभी व्हती. डोळ्यांत हे पाणी! म्हणली, धनी, आज पुरं ऐकलं.”

लीलाबाई दारात आली. दोन्ही हातांना पीठ.

“खोटं,” ती म्हणाली. “मी हॉलमधीच व्हते. तिसऱ्या रांगेत, एकलीच. तुम्हीच म्हणला व्हता ना, खुर्ची सोडू नको. दिवे घालवाय आले तवा उठले.”