किसनरावांचं मानसशास्त्राचं कपाट

पुस्तक परत करायला गेलं की किसनराव ते हातातच घेत नसत. आधी चष्मा पुसत, टेबलावर दोन्ही कोपरं रोवत आणि फर्मावत, "सांग बाप्पा, काय लिवलं हाये यात?"

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. अमरावतीला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मानसशास्त्राचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली तिथले शिपाई किसनराव यांच्या कमरेला. पुस्तकं सगळी इंग्रजी, किसनराव मराठी सातवी पास. म्हणून हा दंडक: वाचलेला धडा त्यांना वऱ्हाडीत समजावून सांगायचा. समजला, तर दुसरं पुस्तक. नाही समजला, तर तेच पुन्हा घरी!

"मले समजलं त परीक्षकाले समजन. तो काही माह्यापेक्षा हुशार नसते."

पोरांसाठी त्यांनी मराठीत विषयांची यादीही केली होती. 'मत्सर: तिसरा कप्पा.' खाली बारीक अक्षरात, 'किंवा प्राध्यापकांची खोली.' धारणीच्या एका बुजऱ्या पोराने भीतीवरचं पुस्तक मागितलं, तर म्हणाले, "तुले नाही भेटत. तू आधीच भेलेला हायेस. हे घे, स्मरणशक्ती!"

आम्ही हसायचो. पण पास व्हायचो.

शेवटच्या वर्षी त्यांनी आपणहून एक पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. अकोल्याच्या ओळखीच्या ग्रंथपालाकडून मागून आणलेलं. त्यानेच एका धड्यात खूण घातली होती: धक्का बसून बोलणं थांबलेली माणसं.

"हे परीक्षेसाठी नाही. मले सांग्यासाठी वाच."

दोन दिवसांनी मी सांगायला बसलो. एरवी दर वाक्याला आडवे येणारे किसनराव त्या खुणेवर बोट ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग तो माणूस पुन्हा बोलते काय?"

"कोण आहे, किसनराव?"

"घरची. दिवाळीत लेकरू गेलं ना आमचं. तवापासून एक शबद नाही."

मी पानं मागेपुढे उलटली. तेवढंच उत्तर त्यात नव्हतं. म्हणून विचारलं, "तुम्ही काय बोलता त्यांच्याशी?"

दिवसभर अख्ख्या वर्गाची तोंडं बंद करणारा तो माणूस टेबलाकडे बघत म्हणाला, "मी बी नाही बोलत रे. काय बोलाव, समजतच नाही."

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी, वय वर्षं वीस. म्हटलं, "भाजी चांगली झाली, म्हणा."

"येवढंच?"

"सुरुवातीला एवढंच."

किसनराव खिडकीकडे वळले आणि ते वाक्य पुटपुटू लागले. एकदा जरा मोठ्याने, मग अगदी हळू.