खाली जाणारी खुर्ची

सोमवारची व्हिडिओ मीटिंग सुरू झाली तेव्हा कारकून छातीपर्यंत दिसत होता. सातव्या मिनिटाला फक्त चष्मा उरला आणि नवव्या मिनिटाला नुसता भांग.

दूरदेशीच्या एका कंपनीच्या वॉशिंग मशीनबद्दलच्या तक्रारी नोंदवणे हे त्याचे काम. त्याच्या खुर्चीचा दांडा आठ महिन्यांपूर्वीच निकामी झाला होता. बसले की ती सावकाश खाली जाई. पण त्याच्या नोकरीचे कंत्राट महिनाअखेर संपत होते, ते वाढण्याची चिन्हे नव्हती. अशा वेळी खुर्ची कोण मागणार?

त्या दिवशी मुख्य कार्यालयातल्या कामगार प्रतिनिधी बाई मीटिंगला होत्या.

"तुम्ही कुठे चाललात?" त्यांनी विचारले.

"कुठे नाही मॅडम, इथेच आहे," आवाज टेबलाच्या पातळीवरून आला.

बाईंच्या देशात मोडकी खुर्ची ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. त्यांनी संध्याकाळच्या आत कारकुनाच्या नावाने तक्रार दाखल केली. दुसऱ्या दिवशी मेल आला : तक्रार मिटेपर्यंत, कंत्राट संपले तरी, या माणसाला कामावरून काढता येणार नाही.

मॅनेजर तरातरा आला. "काय हो, मला सांगायला तोंड नव्हतं? थेट समुद्रापार गेलात?"

"साहेब, मी कुठे काय बोललो? मी नुसता खाली गेलो."

दुपारी कोरी करकरीत खुर्ची हजर झाली. तोवर कारकुनाने बायकोला फोनवर मेल वाचून दाखवला होता.

"मिटेपर्यंत काढता येत नाही ना?" ती म्हणाली. "मग मिटवू नका. ढिम्म बसून राहा."

"नवी नको साहेब," कारकून नम्रपणे म्हणाला. "पाठीला हिची सवय झालीय."

मॅनेजरने जेवणाच्या सुट्टीत गुपचूप दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो पाना घेऊन पोचला तेव्हा टेबलामागे नुसती फरशी होती. कारकून कँटीनमध्ये, स्वतःच्या खुर्चीत बसून, हनुवटी टेबलाला टेकवून जेवत होता. त्यानंतर तो जाईल तिथे खुर्ची जाऊ लागली. शुक्रवारी तर ती बसमध्ये चढली.

"जागा मिळत नाही म्हणून घरून आणलीत काय?" कंडक्टरने विचारले.

"घरून नाही, घरी नेतोय."

बायकोने ती पुसून हॉलमध्ये ठेवली आणि मुलीला बजावले, "हात लावशील तर बघ. बाबांची नोकरी आहे ती."

महिनाअखेर आली आणि गेली. कंत्राट संपले, कारकून राहिला. सहकारी त्याच्याकडे आदराने, थोडे वाकून, पाहू लागले.

मग मुख्य कार्यालयाचा आणखी एक मेल आला. शाखेचे मॅनेजरपद पुढच्या महिन्यापासून तिसऱ्याच देशातून चालवायचे ठरले होते. तिथली माणसे म्हणे दोन शाखा एकदम सांभाळत. मॅनेजर तासभर केबिनमधून बाहेर आला नाही. आला तो थेट कारकुनाच्या टेबलापाशी. इकडेतिकडे पाहून त्याने आवाज उतरवला.

"काय हो, नव्या खुर्चीचं असं व्हायला किती दिवस लागतात?"

"काही वर्षं तरी, साहेब."

मॅनेजरची नजर त्या जुन्या खुर्चीवर खिळली. याच माणसाने आपल्याला घालवायला गुपचूप दुरुस्तीवाला बोलावला होता, हे कारकून विसरला नव्हता. पण साहेबांना घरी दोन मुली होत्या, हेही त्याला ठाऊक होते. तो उठला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"सोमवारच्या मीटिंगपुरती न्या. पण मी सोबत असणार. आणि दुरुस्तीवाला आसपास दिसता कामा नये."

सोमवारी मॅनेजर टायपर्यंत दिसत होता. कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, कारकून शेजारी उभा होता. पाचव्या मिनिटाला टाय गेला, आठव्याला मिशा. टक्कल तेवढे उरले तेव्हा बाईंनी बोलणे थांबवले आणि पेन उचलले.

"तुम्ही कुठे चाललात?"

"कुठे नाही मॅडम," खालून आवाज आला. "इथेच राहायचंय."