संतपुरी डॉक्टरीणबाई राखिल्याची हकीकत

औराद तालुक्यातील मौजे संतपूर येथे डॉक्टरीणबाई राखण्याकारणे जी मोहीम जाहली, तिचा वृत्तांत येणेप्रमाणे. लिहिणाराने डोळां पाहिले तेच लिहिले. पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरते.

पूर्वी मुलखात डॉक्टरांचा मोठा दुष्काळ. सरकारी दवाखाना खासा, खुर्ची गादीची, परंतु नऊ वर्षांत तिजवर टिकले कोण? एक साहेब सात महिन्यांत गेले, दुसरे चाळीस दिवसांत, आणि तिसऱ्यांनी येऊन सही केली, भोवताली नजर टाकिली आणि आल्या बसनेच कूच केले. मग सरकारांनी जिल्ह्यात डॉक्टरकीचे नवे कॉलेज बांधिले, इकडचीच लेकरे इकडे शिकून इकडेच राहावी ऐसा मनसुबा केला, आणि साडेपाच वर्षांनी पहिली तुकडी बाहेर पडली. तीतील दुबलगुंडीच्या कन्या, विद्यासंपन्न डॉक्टर विजयश्रीबाई, एक वर्षाच्या सक्तीच्या चाकरीवर संतपुरी दाखल जाहल्या. गावाने पेढे वाटिले.

ते समयी पंचायतीचे माजी अध्यक्ष, मसलतनिधी अंकुशराव, यांनी पारावर खलबत केले. मागचे डॉक्टर कामून पळाले, ऐसा सवाल घातला आणि जबाबही आपणच दिला, कीं तुम्ही त्यांना भाकर खाऊ दिली न्हाई, एक बहाद्दर तर गाभण म्हैस तपासायला दवाखान्यात घेऊन गेला. सबब हुकूम सुटला कीं वर्षभर गावात कोणी आजारी पडू नये. पडलाच तर गुमान उदगीरची बस धरावी. बाई सुखी तर बाई राहतील. वा रे मसलत! परंतु गावाने ती मानिली. किराणा दुकानाचे धनी महादेवप्पा रोज बाईंस तुरीचे वरण व ज्वारीची भाकरी पोहोचवीत आणि गाव ठणठणीत असल्याची खबर देत. लिहिणाराने स्वतःचा खोकला तीन महिने गिळिला. अंकुशरावांचे कुटुंब सत्यभामाबाई त्या दिवसांत लंगडत होत्या. चप्पल चावली म्हणाल्या, तर रावांनी नवी चप्पल आणून दिली.

इकडे विजयश्रीबाई गळ्यात स्टेथोस्कोप घालून भिंतीवरील लसीकरणाची चित्रे मोजीत बसल्या. एके दिवशी भाकरी तशीच सारून महादेवप्पांस पुसिले, "अप्पा, माझ्या हाताला काही येत न्हाई असं वाटायलंय का गावाला?" महादेवप्पांचा जीव कळवळला, पण हुकूम तो हुकूम. गाव ठणठणीत आहे बाई, इतुकेच बोलिले आणि डबा उचलून निघाले.

तों वरच्या कचेरीचा कागद आला, कीं संतपुरी रोगी नाहीत, तर डॉक्टर कशास? सोमवारी तपासनीस येतील आणि रोगी न दिसल्यास बाईंस दुसऱ्या ठाण्यावर नेतील. गावाची पाचावर धारण बसली. अंकुशरावांनी तत्काळ उलट फर्मान काढिले, कीं सोमवारी झाडून सर्वांनी आजारी पडावे. वरल्या गल्लीस ताप नेमून दिला, खालच्या गल्लीस पोटदुखी, व्यापारी मंडळीस कंबर, आणि हृदयविकार सरदारासच शोभतो म्हणोन तो स्वतःकडे ठेविला. रविवारी पारावर कण्हण्याची तालीम जाहली, तीत खालच्या गल्लीच्या भागाबाई ऐशा कण्हल्या कीं कुत्री भुंकू लागली.

सोमवारी तपासनीस येते जाहले, तों दवाखान्यास ऐंशी रोग्यांचा वेढा! साहेबांनी वरल्या गल्लीस थर्मामीटर लाविले; ताप कोणास नाही. खालच्या गल्लीची पोटे दुखत होती, परंतु हातात भजी होती. अंकुशरावांनी छाती धरिली ती उजवीकडून. साहेबांनी पेनचे टोपण काढिले आणि हे काय नाटक, म्हणोन बाईंस पुसिले. विजयश्रीबाईंचे डोळे भरून आले.

इतक्यात सत्यभामाबाई पाहुण्यांचा चहा घेऊन आत आल्या. त्या गर्दीत न कण्हणारे माणूस ते एकच. डॉक्टरीणबाईंची नजर त्यांच्या लंगडत्या, चिंधी बांधल्या पायावर गेली, आणि तपासनिसांस तसेच सोडून बाई उठल्या.

"अक्का, चप्पल काढा."

"न्हाई बाई, म्या बरी हाय. मालकाचा हुकूम हाय, आजारी पडू नये म्हून."

"आज तर आजारी पडायचा हुकूम हाय."

"तो खोटं पडायचा हाय की, बाई."

विजयश्रीबाई फरशीवर बसल्या, पाय मांडीवर घेतला आणि चिंधी सोडिली. तळव्यास जखम, आत खोल गेलेली. रक्तातली साखर तपासिली तों बेसुमार. पाय बधिर होता म्हणोन ठणका कळला नाही. आणखी पंधरा दिवस जाते तर पाय जाता, ऐसे बाईंनी साफ सांगितले. अंकुशरावांचा छातीवरला हात खाली आला. माझीच अक्कल शेण खायला गेली, इतुकेच त्यांच्या तोंडून निघाले.

मग महादेवप्पा पुढे जाहले, कीं तीन महिने बीपीची गोळी न्हाई, बाई. मग भागाबाईंचे दुखते गुडघे आले, मग कोणाचे चक्कर येणे, मग लिहिणाराचा खोकला. आणि जो तो खरे बोलू लागला तशी रांग फाटकाबाहेर गेली. तपासनिसांनी टोपण लाविले, बाह्या सारिल्या, आणि स्वतः लोकांचे बीपी पाहू लागले. सायंकाळी शेरा लिहिला, कीं संतपुरी रोगी पुष्कळ आहेत, दडले होते. बाईंस हलवू नये.

ऐसी फत्ते जाहली. डॉक्टरीणबाई राहिल्या, सहा आठवडे रोज मलमपट्टी होऊन पायही राहिला. पहिल्या दिवशी जखम साफ करितां अंकुशराव पाय धरून बसले होते. सत्यभामाबाईंनी त्यांकडे पाहून पुसिले, "मालक, आता कण्हू का?" अंकुशरावांनी पाय सोडिला नाही, मान खाली घातली आणि हुकूम दिला, "कण्ह." त्यानंतर अंकुशरावांनी गावास हुकूम दिला नाही. हा अखेरचा, म्हणोन दप्तरी लिहून ठेविला असे.