तुम लोगों ने क्या खाया?

बत्तीस वर्षं जेद्दात काढून अब्बासचाचांनी हॉटेलचं मेनूकार्ड एकदाही उघडलं नाही. वेटर आला की ते हसून विचारायचे, "मेनू रहने दो भाई. तुम लोगों ने क्या खाया?"

चाचा राजापूरकडचे, जुन्या शहरातल्या बलदच्या बाजारात बॅगांच्या दुकानावर नोकरीला. मी सोलापूरचा, जवळच्याच दवाखान्यात दातांचा डॉक्टर. आमच्या गल्लीत केरळी, हैदराबादी, पंजाबी अशी हॉटेलांची रांगच आहे. दर शुक्रवारी आम्ही जेवायला निघायचो. मला बिर्याणीचा वास यायचा आणि हा बाबा मला भटारखान्याच्या दाराशी बसवून आचाऱ्यांनी स्वतःसाठी शिजवलेली पेज नि मूग खायला घालायचा. पंजाब्याकडे तर कालची रोटी आणि कांदा. एकदा मी बिर्याणीचा हट्टच धरला. "ती गिऱ्हाइकांची, डॉक्टर. तुम्ही मजेत खा," असं म्हणून स्वतः आत भांडी घासणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसले. मी एकटाच बाहेर बिर्याणी चिवडत राहिलो. असा संताप आला म्हणता.

"चाचा, हे कसले भिकेचे डोहाळे?" मी शेवटी विचारलं.

"वर्षाचा एक महिना घरी जातो," ते म्हणाले. "रोज कोंबडी, रोज पुलाव, पलंगावर नवी चादर. पोरं आत कुळथाची पिठी नि भात खातात. मी मागितली तर बायको म्हणते, चार दिवसांसाठी आलात, तुम्हाला पिठी कशी वाढू? माझ्याच घरात पाहुणा आहे मी. इथं निदान घरच्यांत बसतो."



गेल्या वर्षी इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपला, चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर सोडायला मीच गेलो. "आता पाहुणा खलास," म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी फोन केला. "काय चाचा, पिठीवर ताव चाललाय ना?"

"कोंबडीच चाललीये," ते म्हणाले. "परवा बायकोला सांगितलं, बाई गं, तुम्ही खाता तेच वाढ. तर रडायलाच लागली. म्हणाली, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण तुम्हाला काय आवडतं ते मला ठाऊकच नाही. महिन्याभरात काय कळणार? कोंबडी तरी चुकायची नाही, म्हणून करते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार, डॉक्टर? तिला काय आवडतं, ते तरी मला कुठे ठाऊक आहे? कोंबडी छान झालीये म्हटलं, आणि आणखी वाढून घेतली."