शुद्ध मराठी बोला, पोर्तुगीज समजतं

सामंतकाका पोर्तुगालला गेले की इंग्रजी बोलत नाहीत. पोर्तुगीज त्यांना येत नाही. ते सरळ मराठी बोलतात. आणि संताप आणणारी गोष्ट अशी, की बहुतेक वेळा त्यांना हवं ते समोर येतं.

लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. काका आयुष्यभर कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात इंजिनिअर होते. त्यामुळे कुठलीही गोष्ट कुठून वाहत आली आणि कुठे जाऊन मिळाली, हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रिटायर झाल्यावर गटारं संपली, म्हणून ते शब्दांच्या मागे लागले. पाव, बटाटा, कोबी, चावी, पगार, पिंप हे सगळे पोर्तुगीजांकडून मराठीत आले, हा शोध त्यांना लागला आणि स्टॅनमोरमधल्या मराठी माणसांचं काही खरं राहिलं नाही.

"इंग्रजांनी काय दिलं गं केतकी? टेबल आणि टेन्शन!" मी ऑफिसला निघालेली असते आणि काका कुंपणावरून सुरू होतात. "पोर्तुगीजांनी बटाटा दिला. बटाट्याशिवाय एक उपास करून दाखव!"

"काका, माझी ट्रेन—"

"जा, जा. पण लक्षात ठेव. शुद्ध मराठी बोला, पोर्तुगीज समजतं."

वेम्बलीला ईलिंग रोडवर त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला जाणं ही तर शिक्षाच. कोबीचा गड्डा हातात धरून ते त्याचा लिस्बनपासूनचा प्रवास सांगतात. मागे रांग वाढत जाते. शेवटी गुजराती दुकानदार हात जोडतो, "अंकल, कोबी लेवी छे के नहीं?"

हे सगळं चालू असताना मालतीकाकू शेजारी गप्प उभ्या असतात. पूर्वी असं नव्हतं. काकू प्रायमरी शाळेत शिकवायच्या. त्यांचं इंग्रजी इतकं फर्डं, की भर पार्टीत काकांच्या चुका दुरुस्त करायच्या आणि काका लाजून हसायचे. दोन वर्षांपूर्वी काकूंना स्ट्रोक आला. हातपाय बरेचसे सुधारले, पण इंग्रजी पार पुसलं गेलं. मराठीही सुटी सुटी उरली. घरात चार शब्द बोलतात. दाराबाहेर पाऊल पडलं की ओठ मिटतात. स्पीच थेरपिस्ट सतत सांगते, त्यांना बाहेर बोलू द्या, नाहीतर आहे तेही जाईल. पण काकू ढिम्म.

आणि अशा बाईला घेऊन हा गृहस्थ ऊठसूट पोर्तुगालला जातो. मला ते अजिबात पटायचं नाही. स्वतःच्या हौसेपायी आजारी बायकोला विमानांतून फिरवायचं म्हणजे काय? मी नवऱ्यापाशी, निखिलपाशी, खूप बडबड केली होती. म्हणून यंदा मे महिन्यात काकांनी "चला आमच्याबरोबर पोर्तोला" म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. काकूंकडे बघायला कुणीतरी हवं, हा माझा विचार. फुकटची करमणूक होईल, हा निखिलचा.

निखिलचा अंदाज बरोबर निघाला. पहिल्याच दिवशी बेकरीत काकांनी तिथले प्रसिद्ध कस्टर्डचे टार्ट पाहिले. त्यांना 'नाता' म्हणतात, एवढं त्यांनी ऐकलं होतं. नाता म्हणजे आपला नाताळच, असं ठरवून ते काउंटरवर गरजले, "नाताळ! चार नाताळ!" पोरगी गोंधळली. तिच्या भाषेत तो खरंच ख्रिसमस. मे महिन्यात चार ख्रिसमस मागणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला असावा. "अर्थ चुकला, पण शब्द पोचला की नाही?" काकांनी टार्ट खाता खाता आम्हालाच विचारलं.

जेवणं मात्र फर्मास झाली. कोळशावर भाजलेले मासे, लसणीच्या तेलात न्हालेला बटाटा. तिथली 'हिरवी वाइन' हिरवी नसते हे कळल्यावर काकांनी ग्लास दोनदा उजेडात धरून बघितला, मग फसवणूक माफ करून सगळा संपवला. बिल हवं असलं की हात वर करून "पगार!" वेटर लगेच मशीन घेऊन हजर, कारण त्यांच्याकडे पैसे देणं म्हणजे पगार. "आपल्याकडे येतो तो पगार, यांच्याकडे जातो तो पगार," काका समाधानाने म्हणाले.

नदीपलीकडच्या वाइनच्या तळघरात तर कहर झाला. छतापर्यंत पोचलेली लाकडी पिंपं. आमच्या गटात बाकी सगळी इंग्लंडची मंडळी. काकांना उमाळा आला. ते हात पसरून ओरडले, "पिंप! पिंप! ओन्ली पिंप्स हिअर!" एका बाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला बाजूला ओढलं. इंग्रजीत पिंप म्हणजे वेश्यांचा दलाल, हे काकांना समजावताना निखिलचे कान लाल झाले.

या सगळ्यात काकू एक अक्षर बोलल्या नव्हत्या. माझा राग आत शिजत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांना कॉफीची तल्लफ आली, म्हणून आम्ही एका गल्लीतल्या छोट्या खानावळीत शिरलो. चार टेबलं, आमच्याशिवाय कुणी नाही. एक वयस्कर बाई एप्रनला हात पुसत आल्या. आता काका सुरू होणार म्हणून मी तयारीत बसले, पण काका नॅपकिनची घडी उलगडत राहिले. बाई वाट बघत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "काकूंसाठी मी ऑर्डर करू का?"

काकांनी माझं मनगट धरलं. "थांब. तिचं ती मागेल."

"अहो पण—"

"लंडनमध्ये हिला सगळे ओळखतात," ते हळूच म्हणाले. "वेम्बलीत मराठी समजेल कुणाला तरी. पण ओळखीच्यांसमोर ही तोंड उघडत नाही, लाज वाटते तिला. इथे कुणाला माहितेय ती आधी कशी बोलायची ते? इथे तिचा शब्द चालतो, केतकी. अजून बोलली नाहीये. पण चालतो."

मी हात मागे घेतला. आपण या माणसाला काय समजत होतो!

काकू टेबलाकडे बघत होत्या. ओठ हलत होते, थांबत होते. बाईंना घाई नव्हती.

"पाव," काकू म्हणाल्या.

"पाऊं," बाईंनी मान डोलावली. सहज, ऑर्डर घेतात तशी.

काकूंनी वर बघितलं. बाईंकडे अगदी निरखून बघितलं. "चहा."

"शा. सीं, सिन्योरा," बाई होकार देत म्हणाल्या.

बाई वळणार, एवढ्यात काकूंनी हात उचलला. शब्द सापडेना. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि काकांकडे बोट केलं. "ह्यांना... ह्यांना पण. चहा."

बाई हसल्या, दोन बोटं दाखवली आणि आत गेल्या. काकांनी नॅपकिन डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. काकू मात्र ताठ बसल्या होत्या, वर्ग घेत असल्यासारख्या.

थोड्या वेळाने निखिलला काय सुचलं कोण जाणे. तो म्हणाला, "काका, तुम्हाला कॉफी हवी होती ना? सांगू का त्यांना?"

"गप्प बस," काका म्हणाले. "तिने चहा मागवलाय."